फुंकर, टॉवेल आणि तीन लाल दिवे

व्हिडिओ गेमच्या कॅसेटवर फुंकर मारायला पहिल्यांदा कोणी शिकवलं? नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही विचारून बघा. कोणी म्हणेल शेजारचा दादा, कोणी म्हणेल आतेभाऊ, पण त्या दादाला कोणी शिकवलं ते कोणालाच माहीत नसतं. गेम चालू झाली नाही, पडद्यावर नुसतेच रंगीत चौकोन आले, की कॅसेट उपसायची, खालच्या फटीत तोंड लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत जोरात फुंकायचं, जमलं तर शर्टाला पुसायची आणि परत खोचायची. आणि काय आश्चर्य, मारिओ हजर!

(आपण त्याला कॅसेट म्हणायचो. आत टेप-बिप काही नव्हती, एक हिरवी पाटी आणि त्यावर दोन-चार चिपा. पण शब्द रुळला तो रुळला.)

गंमत म्हणजे ज्यांचा आपल्याशी काडीचा संबंध नव्हता ती अमेरिकेतली पोरंही त्याच काळात अगदी हेच करत होती. इंटरनेट नाही, काही नाही, तरी उपाय तोच. त्याहून मोठी गंमत म्हणजे फुंकरीने बहुधा काहीच होत नव्हतं. तर मंडळी, आज त्या फुंकरीचा इतिहास. विषय पोरकट वाटेल, पण कोडमध्ये बग शोधून पोट भरणाऱ्यांनी जरा धीर धरावा, कारण ही मुळात चुकीच्या निदानाची गोष्ट आहे. आणि चुकीच्या निदानाचा फायदा कोणाला झाला, याचीही.

सुरुवात जपानपासून. निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी तिथे फॅमिकॉम नावाचा गेम कन्सोल बाजारात आणला. मासायुकी उएमुरा या इंजिनिअरच्या टीमने तो बनवला होता. लाल-पांढरा डबा, किंमत १४,८०० येन, आणि कॅसेट वरून उभी खोचायची. टोस्टरमध्ये पाव घालावा तशी. कॅसेटच्या कडेला ६० पिना, डब्यात त्यांना घट्ट पकडणारी खाच. याहून साधं कनेक्शन असू शकत नाही. आपल्याकडे नंतर ज्या स्वस्त 'टीव्ही गेम' मिळायच्या त्यातल्या बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला. त्यांच्याकडे परत येऊच.

आता हाच डबा अमेरिकेत विकायचा होता, आणि तिथे मोठी पंचाईत होती. १९८३ साली अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार अक्षरशः कोसळला होता. कोणीही उठून गेम काढत होतं, त्यातल्या ढीगभर भिकार होत्या, दुकानदारांकडे न खपलेला माल पडून होता. अटारी कंपनीने तर सप्टेंबर १९८३ मध्ये आपला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत नेऊन पुरला. (ही दंतकथा आहे असं पुष्कळांना वाटायचं. एप्रिल २०१४ मध्ये तिथे खणलं तर खरंच कॅसेटी निघाल्या.) अशा वेळी दुकानदारासमोर जाऊन 'व्हिडिओ गेम आणलाय' म्हणणं म्हणजे दारातूनच हाकलून घेण्याची सोय.

निन्टेंडोने यावर दोन उपाय काढले. आपल्या गोष्टीतल्या सगळ्या भानगडीचं मूळ या दोन उपायांत आहे.

पहिला उपाय दिसण्याचा. हा गेम नाहीच, ही 'एंटरटेनमेंट सिस्टिम' आहे असं म्हणायचं. लान्स बार या डिझायनरने डब्याला व्हीसीआरचं रूप दिलं. करड्या रंगाचा चौकोनी ठोकळा, पुढे झाकण. झाकण उघडायचं, कॅसेट आडवी आत सरकवायची आणि मग खाली दाबायची, खट्! व्हीसीआरसारखंच, त्यामुळे दिवाणखान्यात शोभणार. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये एनईएस या नावाने हा डबा विक्रीला आला.

आता ७२ पिनांची कॅसेट अशी आडवी घालून खाली दाबायची तर साधी खाच चालणार नाही. म्हणून एक वेगळा कनेक्टर बनवला. त्यात कॅसेट आत जाताना जोर लागू नये, आणि खाली दाबली की पिनांनी तिला पकडावं, अशी कल्पना. कागदावर छान. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी कॅसेट दाबताना त्या बारीक पिना थोड्याथोड्या वाकायच्या. शेकडो वेळा वाकल्या की त्यांची स्प्रिंग जायची. वर धूळ, हाताचा घाम, धातूवर चढणारी पुटं. दोन-तीन वर्षांत पकड ढिली.

पण नुसती पकड ढिली असती तर एवढा गहजब झाला नसता. खरी मजा दुसऱ्या उपायात आहे.

दुसरा उपाय कुलपाचा. बाजार कोसळला कारण कोणीही गेम काढू शकत होतं, तेव्हा आता आमच्या परवानगीशिवाय कोणालाच काढता येऊ नये, असं निन्टेंडोने ठरवलं. त्यासाठी कन्सोलमध्ये एक छोटी चिप बसवली आणि प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये तिची जोडीदार. आतल्या प्रोग्रॅमचं नाव टेन-एनईएस. एक कुलूप, एक किल्ली. वीज आली की दोघी एकच प्रोग्रॅम एकाच तालात चालवायला लागतात आणि सतत एकमेकींना आकडे पाठवत राहतात. आलेला आकडा आणि आपण काढलेला आकडा जुळला तर ठीक. नाही जुळला की कुलूपवाली चिप मुख्य प्रोसेसरला रिसेट करते. पुन्हा प्रयत्न, पुन्हा चूक, पुन्हा रिसेट. साधारण सेकंदाला एकदा.

एनईएस ज्यांनी वापरलाय त्यांना हे दृश्य पाठ आहे. पॉवरचा लाल दिवा उघडझाप करतोय, पडदा एकरंगी लुकलुकतोय, आणि गेमचं नाव नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा वॉचडॉग आहे, पण उलट्या डोक्याचा. वॉचडॉग टायमर सिस्टिम अडकली की तिला सोडवायला असतो. हा वॉचडॉग चाललेली सिस्टिम अडवायला होता. ७२ पिनांपैकी मोजक्या पिना या दोन चिपांच्या गप्पांसाठी राखीव. समजा गेमचा सगळा डेटा नीट वाचता येतोय, चित्र येऊ शकतंय, आवाज येऊ शकतोय, पण त्या मोजक्यांतली एक पिन क्षणभर सुटली. झालं, मशीन स्वतःच स्वतःचा गळा धरणार. अस्सल, पैसे देऊन घेतलेली कॅसेट आणि चोरटी कॅसेट यांच्यातला फरक त्या चिपेला कळत नाही. तिला एवढंच कळतं की उत्तर आलं नाही. आणि तपासणी फक्त सुरुवातीला नाही, खेळ चालू असतानाही अखंड. डब्याला धक्का लागला की शेवटच्या लेव्हलवरून थेट शून्यावर!

म्हणजे बघा, ढिला कनेक्टर हा यांत्रिक दोष, आणि त्या दोषाला शंभरपट मोठं करणारं कुलूप हा धंद्याचा निर्णय. दोन्ही एकाच डब्यात, आणि दोघांची मिळून खूण एकच, लुकलुकणारा दिवा. तो दिवा 'कॅसेट मळलीय' म्हणतोय, की 'कनेक्टर थकलाय' म्हणतोय, की 'तुम्ही चोर आहात' म्हणतोय, हे कळायला काही मार्ग नाही. एरर मेसेज लिहिणाऱ्यांनी याहून वाईट एरर मेसेज लिहून दाखवावा.

मग दहा वर्षांच्या पोराने काय करायचं? त्याने जे केलं ते तसं शहाणपणाचंच होतं. कॅसेट काढली, फुंकली, घातली. चालली. निष्कर्ष: फुंकरीने चालते. पण इथे एकाच वेळी दोन बदल केलेत हो! कॅसेट काढून परत घातली हा एक आणि फुंकर हा दुसरा. नुसती काढून परत घातली असती तरी पिना वेगळ्या जागी टेकल्या असत्या, थोडं घासून पुटं निघालं असतं आणि तेवढ्याने बरेचदा काम झालं असतं. पण न फुंकता घालून बघायचा प्रयोग कोण करतो? फुंकर न मारणं म्हणजे काळजीच न घेणं. प्रॉडक्शन सर्व्हर रिस्टार्ट करताना आपण 'कॅशे पण साफ करून टाक रे' म्हणतो, त्यातलाच प्रकार. दुसऱ्याही युक्त्या होत्या. कोणी कॅसेट पूर्ण आत न ढकलता थोडी अलीकडेच ठेवायचं, कोणी तिच्यावर दुसरी कॅसेट कोंबून दाब द्यायचं. या युक्त्या खरं तर निदानाच्या जास्त जवळ होत्या, कारण त्या पकडीशी खेळत होत्या. पण प्रसिद्धी मिळाली ती फुंकरीला.

वर नुकसान वेगळंच. श्वासात दमटपणा असतो. तोच दमटपणा रोज धातूवर मारला की तो गंजायला मदत होते. निन्टेंडोचंही सांगणं हेच होतं, फुंकू नका, पिना खराब होतात. म्हणजे आजचा उपाय उद्याचा आजार वाढवत होता. मग पुन्हा फुंकर, अजून जोरात.

निन्टेंडोने काय केलं? १९८९ मध्ये साफसफाईचा किट विकायला काढला. मला हे वाचताना खरंच हसू आलं. दोष डब्याच्या रचनेत, आणि ग्राहकाला काय सांगितलं तर तुमचा डबा मळलाय, हा घ्या ब्रश, पैसे द्या. साफ केल्याने थोडा फरक पडायचा हे खरं, पण वाकलेली पिन ब्रशने सरळ होत नाही. मग ऑक्टोबर १९९३ मध्ये त्यांनी एनईएसचं एक छोटं, स्वस्त मॉडेल काढलं, ४९.९९ डॉलरचं. त्यात कॅसेट पुन्हा वरून उभी खोचायची होती आणि आतली कुलूपवाली चिप गायब होती. कुठलीही कबुली नाही, माफी नाही. पण इंजिनिअर लोकांची कबुली पत्रकात नसतेच, ती पुढच्या व्हर्जनमध्ये असते. जुन्या डब्यावर हौशी लोकांनी शोधलेला उपाय याहून सोपा होता. कुलूपवाल्या चिपेची चार नंबरची पिन तोडायची. मग ती स्वतःलाच किल्ली समजायला लागते आणि कोणालाही रिसेट करत नाही. पकड ढिली असली तरी त्यातल्या त्यात चालतं. एक पिन तोडली आणि लुकलुक बंद. यावरून त्या लुकलुकीत कनेक्टरचा वाटा किती आणि कुलपाचा किती याचा अंदाज यावा.

त्या कुलपासाठी निन्टेंडो किती जिवावर उदार होती ते बघायचं तर अटारी गेम्सचा खटला बघावा. परवाना घेतला की वर्षाला पाचच गेम, कॅसेट निन्टेंडोच बनवणार, या अटी अटारी गेम्सला जाचायला लागल्या. त्यांनी चिप फोडून बघितली, जमेना. मग १९८८ मध्ये सरळ अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात गेले आणि 'आमच्यावर खटला चालू आहे, त्यासाठी हवाय' असं सांगून प्रोग्रॅमची प्रत मिळवली. खटला तोवर उभाच राहिला नव्हता. त्यावरून बनावट किल्ली तयार करून टेन्जेन या नावाने त्यांनी गेम विकल्या. पुढे खरंच कोर्टात गेलं आणि १९९२ मध्ये अपील न्यायालयाने निन्टेंडोची बाजू उचलून धरली.

आणि आपल्याकडे? आपल्या त्या नकली फॅमिकॉममध्ये कुलूपच नव्हतं, कारण मूळ जपानी फॅमिकॉममध्येच नव्हतं. म्हणून तर एका कॅसेटमध्ये '९९९९९९९ गेम' असायच्या. (मोजल्या तर पाच-सहाच. बाकी त्याच त्या, वेगळ्या लेव्हलपासून सुरू होणाऱ्या.) आणि म्हणूनच आपल्याकडे लुकलुकणारा दिवा नव्हता, चुरगळलेलं चित्र होतं. एखादी पिन नीट टेकली नाही की तेवढ्यापुरता डेटा चुकायचा, अक्षरांच्या जागी चौकोन यायचे, मारिओचं डोकं एकीकडे आणि धड दुसरीकडे. माझ्या मते हा जास्त प्रामाणिक एरर मेसेज होता. निदान काहीतरी वाचलं जातंय आणि काहीतरी नाही, एवढं तरी दिसायचं. आजार वेगळा, यंत्र वेगळं, उपाय मात्र तोच, फुंकर. उपाय आजारापेक्षा वेगाने पसरतात.

पुढची काही वर्षं भराभर ओलांडू. १९९५ च्या सुमारास सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनचे सुरुवातीचे नग सीडी नीट वाचेनासे झाले. लेझरची प्लॅस्टिकची गाडी झिजायची आणि वर वीजपुरवठ्याची उष्णता शेजारीच. लोकांनी कन्सोल उभा केला, नाहीतर चक्क उलटा पालथा घातला, आणि चालायला लागला. ही युक्ती मात्र अस्सल होती, कारण झिजलेल्या गाडीचा कल खरोखरच बदलायचा.

आणि मग आला मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६०. अमेरिकेत २२ नोव्हेंबर २००५, भारतात सप्टेंबर २००६. एनईएसनंतर बरोबर वीस वर्षांनी. याच्या पॉवरच्या बटणाभोवती दिव्यांचं कडं होतं, चार भागांचं. सगळं ठीक असेल तर हिरवं. चार लाल म्हणजे टीव्हीची केबल निघालीय, दोन लाल म्हणजे मशीन तापलंय. आणि तीन लाल म्हणजे 'हार्डवेअर बिघडलंय'. कुठलं? ते नाही सांगणार. या तीन दिव्यांना लोकांनी नाव दिलं 'रेड रिंग ऑफ डेथ'.

खरं तर मशीनला याहून जास्त माहीत होतं. सिंकचं बटण दाबून धरायचं आणि डिस्क बाहेर काढायचं बटण एकेकदा दाबत जायचं. दर वेळी दिवे वेगळ्या पद्धतीने लुकलुकतात आणि चार आकड्यांचा कोड निघतो. सगळे चार दिवे म्हणजे शून्य, एक म्हणजे एक, असं करत तीनपर्यंत. चारच्या पायावरची संख्यापद्धती, घरच्या खेळण्यात! लोकांनी हे शोधून काढलं, तक्ते बनवले. ०१०२ हा कोड तर नुसत्या आकड्याने ओळखला जाऊ लागला.

आणि उपाय? टॉवेल. कन्सोल जाड टॉवेलमध्ये गुंडाळायचा, वाऱ्याच्या सगळ्या वाटा बंद करायच्या, पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायचा, मग थंड करायचा. बऱ्याच जणांचा खरंच चालू व्हायचा, काही तास, काही दिवस. स्पष्टीकरण असं दिलं जायचं की तापून सोल्डर वितळतं आणि तुटलेली जोडणी पुन्हा जुळते. पटण्यासारखं आहे, कारण जुलै २००६ पासून युरोपीय संघाच्या नियमामुळे सोल्डरमधून शिसं हद्दपार झालं होतं, सगळा उद्योगच बिनशिशाच्या सोल्डरकडे वळत होता आणि ते जास्त ठिसूळ म्हणून सगळे त्याला शिव्या देत होते. पण हे सोल्डर वितळायला २१७ अंश सेल्सिअसच्या पुढे जावं लागतं. टॉवेलात गुंडाळलेल्या डब्यात तेवढं होत नाही, आणि झालंच तर आधी घराला आग लागेल. होत असेल ते एवढंच की तापल्यावर भाग प्रसरण पावून फटीची दोन टोकं काही काळ टेकायची. फुंकरच ही, फक्त गरम.

इथे मात्र एक फरक पडला. मायक्रोसॉफ्ट आधी म्हणत राहिलं की बिघाडाचं प्रमाण उद्योगात असतं तसंच आहे, तीन ते पाच टक्के. डिसेंबर २००६ मध्ये अमेरिकेतली ९० दिवसांची वॉरंटी एक वर्षाची केली. तक्रारी थांबेनात. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दुरुस्तीला पाठवणारे लोक होते. कन्सोल परत पाठवायला कंपनीकडून जो रिकामा खोका यायचा त्याला लोक 'शवपेटी' म्हणायला लागले. शेवटी ५ जुलै २००७ रोजी कंपनीने तीन लाल दिव्यांसाठी वॉरंटी तीन वर्षांची केली, ज्यांनी आधी पैसे भरले त्यांना ते परत द्यायचं कबूल केलं, आणि त्यासाठी १०५ ते ११५ कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. तेव्हा एक्सबॉक्सचा धंदा सांभाळणाऱ्या पीटर मूर यांनी नंतर सांगितलं की त्यातला मोठा भाग नुसत्या कुरिअरचा होता. स्टीव्ह बामर यांनी आकडा ऐकला आणि करा म्हणाले. ऑगस्ट २००९ मध्ये स्क्वेअरट्रेड या वॉरंटी विकणाऱ्या कंपनीने आपल्याकडचे आकडे काढले. दोन वर्षांत एक्सबॉक्स ३६० बिघडण्याचं प्रमाण २३.७ टक्के, प्लेस्टेशन ३ चं १०, निन्टेंडो वीचं २.७. तीन ते पाच टक्के कुठे आणि हे कुठे!

निन्टेंडोच्या वेळी असा आकडा कधी आलाच नाही, कारण दिवा लुकलुकला की पोरं फुंकर मारायची आणि गप्प बसायची. तक्रार करण्यासारखं काही घडतच नव्हतं, दर वेळी 'दुरुस्त' होत होतं. घरोघरी झालेल्या त्या लाखो दुरुस्त्या कोणाच्याही वहीत नोंदल्या गेल्या नाहीत. एक्सबॉक्सवर टॉवेल फार दिवस चालला नाही, हे गिऱ्हाइकाचं नशीबच म्हणायचं.

आणि खरं कारण? डिसेंबर २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सच्या इतिहासावर सहा भागांची डॉक्युमेंटरी काढली, त्यातला एक अख्खा भाग या लाल कड्यावर. त्यात हार्डवेअरचे तेव्हाचे प्रमुख टॉड होमडाल सांगतात की मशीन चालू-बंद होताना भाग तापायचे आणि गार व्हायचे, त्या ताणाने सुट्या भागांच्या आतल्या जोडण्या तुटत होत्या. आतल्या! म्हणजे ज्या बोर्डावरच्या सोल्डरसाठी लोकांनी क्लॅम्प उखडले, स्क्रू बदलले, हीट गन मारल्या, तिथे मूळ दुखणं बहुधा नव्हतंच. आणि जे मशीन टॉवेलात घालून तापवलं आणि गार केलं, त्याला मोडणारी तीच क्रिया अजून एकदा करून घेतली.

त्याच सुमारास कंपनीने लाल कड्याचं एक पोस्टरही विकायला काढलं. किंमत २४.९९ डॉलर. लोकांनी घेतलंही.